जुनं आउटबोर्ड इंजिन दुरुस्त करावं का? बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या कोकणवासीयांसाठी सूचना

समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर, शेकडो किलोमीटर जाईपर्यंत समुद्राचं नाव नाही, अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाकडे होडीचं इंजिन कशाला, असं विचारणाऱ्यांनी हा लेख वाचू नये. ते असतं. देवबागच्या मामांनी नवीन फोर-स्ट्रोक घेतलं की जुनं टू-स्ट्रोक ९.९ एचपी भाच्याकडे येतं, कारण भाचा इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरमधला आहे, हा मामांच्या मते तपशील झाला. “इंजिनाक काय्येक झाला नाय हा, पाणी लागला की चालू जातला,” एवढं सांगून मामा फोन ठेवतात आणि इंजिन तळघरातल्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभं राहतं.

पहिला विचार उपयुक्ततेचा. इथे कोणी हसलं तर शांतपणे सप्टेंबर २०२२ ची आठवण करून द्यावी. तेव्हाच्या पुरात सरजापूर रोड आणि बेळंदूरच्या बाजूला लोक ट्रॅक्टर आणि बोटींतून घराबाहेर पडले होते. अगरा तलाव भरला की पाणी बेळंदूरकडे जातं, आणि मधले राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी नेणारे मोठे नाले, तुंबले की ते आपल्याकडे येतं; एवढा भूगोल घरच्यांच्या तोंडावर फेकायला पुरतो. मात्र बायकोने “अहो, पण होडी कुठंय?” असं विचारलं तर विषय बदलावा. शिवाय गुडघाभर पाण्यात इंजिनाचा पंखा पहिल्याच दुभाजकावर आपटतो, हेही आपणहून सांगू नये.

आता तपासणी. खालच्या गिअरकेसचा स्क्रू सोडून तेल वाटीत काढा. काळपट आलं तर उत्तम. फिल्टर कॉफीसारखं आलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. नुसत्या सीलचा खर्च किरकोळ असतो. गिअरला गंज लागला असेल तर मात्र बोलणी वेगळी. मग दोन्ही प्लग काढून गेज लावा आणि दोरी ओढा. दोन सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय असं समजा. खरं सांगायचं तर दुरुस्तीचा निर्णय इथेच लागतो. बाकी कार्ब्युरेटर, कॉइल, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर हे सगळं बदलता येतं. पण कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनावर नवा इम्पेलर बसवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते सगळे मामांचे लाडके भाचे होते.

प्रत्यक्ष चालवून पाहायचं तर पाण्यातच चालवावं लागतं. कोरडं चालवलं तर इम्पेलर काही क्षणांत जळतो. निळं २०० लिटरचं पिंप आणा, फळी ठोकून इंजिन त्यावर अडकवा आणि पंखा आधी काढून ठेवा. नाहीतर अर्धं पाणी शेजारच्यांच्या गाडीवर जातं. चालू झाल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडायला हवी. धार नसेल तर ताबडतोब बंद करा. मिठाने आतल्या वाटा बुजलेल्या असतात. मामांनी खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन कधी धुतलं असेल, अशी आशा बाळगू नका. पिंप भरतानाही सांभाळा: मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणं, बागेला पाणी घालणं, कारंजी चालवणं या सगळ्यावर ५,००० रुपये दंड लावला होता. पिंपात फिरणारं इंजिन हे वाहन की कारंजं, यावर सोसायटीत दोन तट पडतील. बंदी दोन्हींवर होती. शिवाय वापरलेलं पाणी तेलकट होतं, कुंडीतल्या तुळशीलाही घालता येत नाही. निळा धूर लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर पोचला की सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप येईल. त्याला उत्तर देऊ नका.

सुट्या भागांचं पाहू. दहा मिनिटांत कोथिंबीर घरी येणाऱ्या या भागात पंख्याची शिअर पिन कोणी आणून देत नाही. जेसी रोडला सगळ्या गाड्यांचं सगळं मिळतं. तिथला दुकानदार इम्पेलर हातात घेऊन फिरवतो, वास घेतो आणि ‘कोणत्या गाडीचा?’ म्हणून विचारतो. मूळ कंपनी अजून आहे का, हेही पाहून ठेवा. आउटबोर्डचा धंदा जमवणारा ओले एव्हिनरुड १९०९ मध्ये बाजारात उतरला. त्याच्या नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. इंजिनं कंपनीपेक्षा जास्त जगतात, हीच तर अडचण आहे.

आता हिशेब. दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या पण चालू इंजिनाच्या निम्म्यावर गेला की दुरुस्ती करू नये, हा रूढ नियम. या भागात त्यात पार्किंगचं भाडं, पिंप आणि ग्रुपवरची माफी धरावी. पहिल्या मजल्यावरचा स्टार्टअपवाला पावसाळ्यापुरतं इंजिन भाड्याने देण्याचं ॲप सुचवेल. त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

कॉम्प्रेशन चांगलं निघालं तर दुरुस्ती इथे न करता इंजिन मालवणला पाठवा. तिथला मेकॅनिक अडकलेला बोल्ट गरम करून काढतो, इथला तो मोडतो. टाकीतलं आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल आधी पूर्ण काढा, नाहीतर बसवाले डिकीत घेणार नाहीत. इंजिन उभं ठेवा, आडवं केलंत तर शेजारच्या आंब्याच्या पेटीला तेलाचा वास लागतो. आणि पावतीच्या मागे ठळक अक्षरांत लिहा: दुरुस्तीनंतर परत पाठवू नये. मामा ती वाचणार नाहीत, म्हणून मामीला वेगळा फोन करा.