फूल गुन्हेगार, पान निर्दोष : १९८५च्या अमली पदार्थ कायद्याला खुले पत्र

नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सबस्टन्सेस अ‍ॅक्ट,
मुक्काम : देशातले प्रत्येक पोलीस ठाणे.

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तुझ्या बाबतीत ती पाळायची इच्छा नाही. पोलीस, वकील आणि आरोपी तुला एनडीपीएस म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तुझा जन्म घाईत झाला. ऑगस्ट १९८५च्या अखेरीस विधेयक संसदेत आलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरला तू लागू झालास. त्याआधी गांजा-भांगेच्या झाडासाठी इंग्रजांनी १८९३-९४ साली आयोग नेमला होता. त्याने देशभर फिरून १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि लिहिलं की माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीची गरज नाही. परक्या सरकारने ज्याची चौकशी करायला अकराशेवर माणसं गाठली, त्याचा निकाल आपल्या संसदेने महिन्याभराच्या आत लावला. याची मला लाज वाटते. तुला वाटत असेल असं दिसत नाही.

आता तुझी व्याख्या बघ. झाडाचे फुललेले शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया मात्र तुझ्या कक्षेबाहेर. म्हणून बनारसमध्ये सरकारी परवान्याच्या दुकानात भांगेची गोळी राजरोस मिळते, आणि त्याच झाडाचं फूल खिशात सापडलं तर माणूस आरोपी होतो. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात पानं वगळली गेली, होळी-शिवरात्रीच्या आपल्या रिवाजाला वाट राहिली, हे ठीकच झालं. पण भेद केलास तर तो पाळायचा तरी होता. छाप्यात पोलीस पानं, काड्या, बिया, कधी मुळांसकट अख्खं झाड तराजूत टाकतात. वजन २० किलोंवर गेलं की तू त्याला 'व्यावसायिक प्रमाण' म्हणतोस : किमान १० वर्षं, कमाल २०. वर तुझं कलम ३७, म्हणजे जामीन हवा असेल तर आरोपी निर्दोष असण्याला सबळ कारण आहे अशी न्यायाधीशाची खात्री आधी पटली पाहिजे. शेंडे वेगळे करून तोलले नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन दिला. वकिलाची फी भरून तिथवर जे पोचले, त्यांचं हे झालं. जे पोचले नाहीत ते आत आहेत.

तू कोणाला पकडतोस? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतले २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांचे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. बहुतेक खटले गांजाचे, तेही स्वतः ओढल्याचे. पकडलेले लोक रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे. ज्यांना शिक्षा झाली त्यांनी गुन्हा कबूल केला होता. हातावर पोट असलेला माणूस दंड भरून मोकळा होतो, कारण तारखांना जायचं तर मजुरी बुडते. मोठ्या व्यापाऱ्यासाठी तुझ्याकडे कलम २७-अ होतं, अमली पदार्थांच्या धंद्याला पैसा पुरवणाऱ्यांचं. २०१४च्या दुरुस्तीत एका उपकलमाचा क्रमांक बदलला आणि २७-अ मध्ये जुनाच क्रमांक राहिला. ते कलम लुळं पडलं. सात वर्षं! २०२१ मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने दाखवून दिलं, तेव्हा सरकारला वटहुकूम काढावा लागला. चिलीमवाल्याच्या कलमातला एक स्वल्पविरामही त्या सात वर्षांत ढळला नाही.

गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात सुरू झालं तर मेंदूची हानी होते, काहींना मानसिक आजार जडतो. अशा मुलाला डॉक्टर हवा असतो. तू त्याला हवालदार देतोस आणि आयुष्यभर पुरेल असा गुन्ह्याचा शिक्का देतोस.

आता ज्यासाठी मला तुझा सगळ्यात जास्त राग येतो ते. तुझ्या पोटात कलम १४ आहे. धागा, बिया आणि बागायती कामासाठी या झाडाची लागवड करू द्यायची मुभा सरकार देऊ शकतं, असं तूच म्हणतोस. हे कलम वापरून पहिलं राज्य पुढे आलं ते २०१८ मध्ये, उत्तराखंड. तेहतीस वर्षं ते कागदावर पडून होतं. त्या डोंगरांत या झाडाच्या धाग्याचे दोर वळतात, बियांची चटणी घरोघरी होते. बियांना अन्न म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता मिळायला २०२१ उजाडलं.

आणि आपल्याकडे? वेरूळला जा. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात माती-चुन्यात हेच झाड मिसळलेलं आहे, हे पुरातत्त्व खात्यात काम केलेल्या रसायनतज्ज्ञाने आणि औरंगाबादच्या विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाही, आणि तिथली चित्रं किड्यांनी पोखरली. वेरूळचा गिलावा टिकला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला जे ठाऊक होतं, ते करून पाहायचं तर आज परवान्यासाठी कोणत्या टेबलावर जायचं हे शेतकऱ्याला कोणी सांगू शकत नाही.

२०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला : कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजाला आहे, दोन एकर लावू द्या. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. मला तो निषेधाचा अर्ज वाटतो, आणि तो पूर्ण खरा आहे. भांगेच्या शेतीने मराठवाडा-विदर्भाचं सगळं दुःख फिटेल असं सांगणारेही आहेत, ते मला पटत नाहीत. पण ताग आणि अंबाडी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला, नशेचा अंश ०.३ टक्क्यांखाली असलेलं वाण तपासून लावायचा हक्क असावा, एवढं मागणं जास्त नाही.

२ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. व्हिएन्नात दिलेलं ते मत देशातल्या तुझ्या एकाही कलमापर्यंत पोचलेलं नाही. पतियाळाचे तेव्हाचे खासदार धर्मवीर गांधी यांनी त्याआधीच तुझ्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक आणलं होतं. तेही पुढे सरकलं नाही.

म्हणून हे पत्र तुझ्यापेक्षा तुला बदलू शकणाऱ्यांना जास्त आहे. आपल्या खासदाराला विचारा : स्वतःपुरत्या सेवनासाठीचा तुरुंगवास रद्द करून तिथे उपचार केव्हा आणणार? आणि आमदाराला विचारा : कलम १४ खाली महाराष्ट्राचे नियम कुठे आहेत?