ज्याचं त्याचं इंद्रवज्र

शांतता हवी म्हणून आम्ही शुक्रवारी रात्री अकराला पुण्यातून निघालो. तशी ती आमच्या सोसायटीतही दुपारी दोन ते चार मिळते. पण फुकटच्या शांततेला किंमत नसते. हिला माणशी सोळाशे रुपये होते. त्यात बसभाडं, पोहे, दोन जेवणं, कोकणकड्यावर तंबू आणि शेवटी हरिश्चंद्रगड चढल्याचं प्रमाणपत्र. बायको म्हणाली, "प्रमाणपत्र कशाला? चढल्याशिवाय का कुणी उतरतं?" मी म्हटलं, अगं, आजकाल नुसतं चढून भागत नाही.

पहाटे पाचनईत उतरलो तर शांतता शोधणारे आमच्याआधीच येऊन थडकले होते. गाडी लावायला जागा नाही म्हणून तीन बसवाले एकमेकांची शांतता काढत होते. आमच्या म्होरक्याचं वय बावीस-तेवीस, गळ्यात शिट्टी. त्याने आम्हाला गोलात उभं करून 'स्वतःची ओळख आणि एक आवडता प्राणी' सांगायला लावलं. ट्रेकला जाताना प्राणी का सांगायचा हे कळलं नाही, पण अठरा जणांनी वाघ सांगितला. मी म्हैस म्हणालो. तेव्हापासून मला 'काका, तुम्ही सावकाश या' ही सवलत लागू झाली.

गड अकोले तालुक्यात, उंची 1,424 मीटर. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांबची, नळीची वाट अंगात रग असलेल्यांची आणि पाचनईची आमच्यासारख्यांची. दोन-अडीच तासांत माणूस वर पोचतो. आम्हाला चार लागले, कारण वळणावळणावर लिंबू सरबत होतं आणि सरबत विकणाऱ्या प्रत्येक मावशीला "अजून किती राहिलं?" विचारलं की ती न चुकता "हे काय, आलंच" म्हणायची. या राज्यात आश्वासन देण्याची कला कुठून सुरू होते ते मला तिथे समजलं.

वर पोचल्यावर आधी केदारेश्वराची गुहा. गुहेत कमरेएवढं पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग आणि भोवती चार खांब. म्हणजे होते चार. तीन तुटले, एकच उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, सत्य, त्रेता, द्वापार संपली तसा एकेक ढासळला, उरलेला कलियुगाचा आणि तो कोसळला की जगबुडी, अशी श्रद्धा. सबंध विश्वाचा भार एका दगडी खांबावर आहे म्हटल्यावर माणसाने दबकत आत जावं, अशी माझी समजूत होती.

आत रांग होती. पाणी इतकं गार, की आधी पाय बधिर होतात, मग जीभ. तरी रांग हलत नव्हती, कारण पुढे गॉगल लावलेला एक तरुण त्या शेवटच्या खांबाला खांदा लावून उभा होता. (गुहेत गॉगल. असो.) काठावरून त्याचा मित्र फोन धरून सांगत होता, "असा नको, ढकलतोयस असं वाटलं पाहिजे. जरा जोर लाव ना!" त्याने लावला. मागची पंचवीस-तीस माणसं थंडीने कुडकुडत प्रलयाची वाट पाहत उभी. आधीची तीन युगं कशी संपली असतील याचा मला तिथे उभ्याउभ्या उलगडा झाला.

बाहेर आल्यावर पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशींपाशी मी काळजी व्यक्त केली. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, कडेने बोटांनी दाबली, पुरी फुगेपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही. मग म्हणाल्या, "पडायचा असता तर कवाच पडला असता, दादा. लई जणांनी ढकलला. कांदा देऊ?"

पलीकडे हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ. योगी चांगदेवाचं या जागेशी नातं, 'तत्त्वसार' त्याने इथेच रचला. या चांगदेवाबद्दल मला फार आपुलकी आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला. मायना काय लिहावा, वडीलकीचा की धाकुटपणाचा, हे ठरेना, म्हणून कागद कोराच धाडला. आळंदीहून उलट टपाली पासष्ट ओव्या आल्या. एवढा योगी, पण दोन ओळी सुचल्या नाहीत तर गप्प राहिला! आता त्याच देवळाच्या पायरीवर बसून एक मुलगी फोटोखाली काय लिहावं यावर मैत्रिणींचा सल्ला घेत होती. 'पर्वत मला बोलावतात' की 'मी पर्वतांना बोलावते' असा पेच होता. पासष्ट ओव्या कुणाकडून येणार नव्हत्या, पण पासष्ट अंगठे नक्की येणार होते.

संध्याकाळी कोकणकडा. नागाच्या फण्यासारखा बाहेर झुकलेला आणि खाली वाटीसारखा आत गेलेला हा कडा. त्याच्या काठाशी पालथं पडून डोकं बाहेर काढलं की पोटातलं पिठलं कोकणात उतरल्यासारखं वाटतं. खालून वारा असा उसळतो की हलकी वस्तू टाकली तर ती वर परत येते. टोपी परत येते, पान परत येतं. माझ्यादेखत एका गृहस्थांनी वेफर्सची पिशवी कड्याखाली सोडली. ती क्षणभर दिसेनाशी झाली, मग डुलत डुलत वर आली आणि थेट त्यांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा टाकली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्यात दगड भरला आणि मग टाकली. आपल्या लोकांत जिद्द नाही असं कोण म्हणतं?

रात्री तंबूत झोप कुठली! तीन गटांचे तीन स्पीकर शांततेचा आनंद लुटत होते. शेवटी मी बाहेर येऊन शिट्टीवाल्याशेजारी बसलो. तो म्हणाला, "काका, उद्या लक असेल तर इंद्रवज्र दिसेल. रील करायचंय." मग मीही, म्हैस असलो तरी, थोडं पाजळून घेतलं. म्हटलं, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे इथूनच पाहिलं होतं. दख्खनच्या हवामानावर त्याचा मोठा निबंध 1835 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, त्यात त्याचं वर्णन आहे. कोकणातून धुकं कड्याच्या काठाएवढं वर आलेलं, साहेब काठावर, पाठीशी नुकतं वर येणारं ऊन. समोर धुक्यात पुरं गोल इंद्रधनुष्य आणि त्या गोलाच्या आत त्याची, त्याच्या घोड्याची, नोकरांची सावली. नोकरांना काही केल्या पटेना की या आपल्याच सावल्या. म्हणून ते हात उडवू लागले, पाय झाडू लागले, अंगाला तऱ्हेतऱ्हेचे हेलकावे देऊ लागले. समोरच्या आकृत्याही तसंच करतात का ते पाहायला.

शिट्टीवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पहिलं रील आपल्याच लोकांनी केलं."

मला यावर काही सुचलं नाही. त्या नोकरांकडे फोन नव्हता एवढाच काय तो फरक. बाकी हातवारे, ठिकाण, उजेड, सगळं तेच. आम्ही पिढी बिघडली म्हणून उगाच गळा काढतो.

सकाळी सातला कुणीतरी ओरडलं आणि अख्खी छावणी एका पायात बूट घालून कड्याकडे धावली. दरीत धुकं काठोकाठ भरलेलं, पाठीवर कोवळं ऊन. आणि समोर, खरंच सांगतो, धुक्याच्या पडद्यावर माझी सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वलय. आयुष्यभर ऑफिसात, घरात, सोसायटीच्या सभेत ज्या गोष्टीची मी वाट पाहिली, ती हरिश्चंद्रगडाने एका सकाळी देऊन टाकली. मी बायकोला म्हटलं, "बघ, बघ, माझ्या डोक्याभोवती!"

"तुमच्या कुठे?" ती म्हणाली. "माझ्या डोक्याभोवती आहे."

"काका, काकू, जरा सरका ना," शिट्टीवाला म्हणाला, "माझ्या डोक्याभोवती आलंय."

काठावर शंभरेक माणसं होती आणि शंभर जणांचं हेच म्हणणं होतं. कुणी भांडत नव्हतं, फक्त प्रत्येकजण शेजाऱ्याची कीव करत होता. गॉगलवाला तर हात जोडून स्वतःच्या सावलीला नमस्कार करत होता. या वलयाची रीतच तशी. सूर्य, बघणाऱ्याचं डोकं आणि वलयाचा मध्य एका रेषेत येतात, त्यामुळे ज्याला त्याला ते आपल्याच डोक्याभोवती दिसतं. दुसऱ्याच्या डोक्याभोवती ते बघायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी माझं जास्त स्पष्ट होतं असं अजूनही वाटतं.

पुरावा हवा म्हणून शिट्टीवाल्याच्या हातात फोन दिला. "माझ्या सावलीचा, वलयासकट काढ." त्याने पाय रोवून, श्वास धरून सात फोटो काढले. तेवढ्यात धुकं वर आलं आणि वलय, सावल्या, शेजारी, सगळं पांढरं झालं.

फोटो बसमध्ये पाहिले. वलय ठळक आलंय, रंगही सुटे दिसतात. मधोमध शिट्टीवाल्याची सावली, दोन्ही कोपरं उचलून फोन धरलेली, तेजःपुंज. उजवीकडे वलयाच्या बाहेर एक बुटका डाग आहे, तो मी.

तरी घरच्या ग्रुपवर पाठवला. खाली काय लिहावं सुचेना, म्हणून चांगदेवासारखा कोराच धाडला. नाशिक फाट्यापर्यंत एकोणीस अंगठे आले आणि भाचीचा एक प्रश्न : "मामा, मधे कोण आहे?"