विचारलं तर काय सांगायचं?

आमच्या धर्मादाय न्यासाकडे सदाशिव पेठेत एक खोली आहे, एक लोखंडी कपाट आहे, हार घातलेले संस्थापक आहेत आणि कोषाध्यक्ष काका आहेत. चौघांपैकी सहज उघडतं ते फक्त कपाट.

काका बँकेतून निवृत्त झाले. चार आण्यांचा फरक सापडेना म्हणून रात्री नऊपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्या पिढीतले. सभेला येताना कापडी पिशवीत न्यासाची घटना, कॅल्क्युलेटर आणि हिंगाष्टकाची डबी. मदतीचा अर्ज वाचायला घेतला की आधी डबी उघडतात. अर्ज पचायला जड जाणार, हे त्यांना अर्जाच्या जाडीवरून कळतं.

काकांना भित्रं म्हणणं सोपं आहे, पण त्यांची भीती कमावलेली आहे. पेठेतल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा न्यासाची मुदत ठेव तिथे अडकली होती. ठेवींचा विमा तेव्हा १ लाखापर्यंतच. २०२० मध्ये ती मर्यादा ५ लाख झाली, आणि मुद्दल अधिक व्याज धरून ५ लाख हे कळल्यावर काकांनी न्यासाच्या पैशाचे इतके तुकडे केले की आज आमच्याकडे देणग्यांपेक्षा पासबुकं जास्त आहेत. प्रत्येक ठेव सव्वाचार लाखांची. व्याजाला वाढायला जागा ठेवलेली, वाढत्या अंगाच्या मुलाला सदरा शिवतात तशी.

दुसरी भीती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो काकांनी एकोणनव्वदाव्या दिवशी दिला. मंजुरी अजून यायची आहे. त्यामुळे आमचे एक विश्वस्त वारून बराच काळ झाला तरी उताऱ्यावर ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या जागी आलेला मी अजून पुरता जन्मलेलो नाही. मतदानात काका माझा हात मोजतात, पण पेन्सिलीने.

गंमत अशी की इतिवृत्तात भीती हा शब्द तुम्हाला सापडायचा नाही. तिथे ‘अधिक माहिती मागवावी’ असतं, ‘उपसमिती नेमावी’ असतं, आणि फारच घाम फुटला असेल तर ‘विषय तत्त्वतः मान्य’ असतं. तत्त्वतः मान्य झालेल्या अर्जाला आमच्याकडे पैसे मिळाल्याचं मला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका गावातून अर्ज आला. गावची शाळा सातवीला संपते, हायस्कूल सहा किलोमीटरवर, चौदा मुली चालत जातात, सायकली द्याव्यात. एका सायकलीला साडेपाच हजार, एकूण ७७ हजार. अर्ज एका शिक्षिकेचा, हस्ताक्षर देखणं. मला वाटलं, चहा यायच्या आत ठराव होईल.

काकांनी डबी उघडली.

“मुलगी सायकलवरून पडली तर?”

“काका, पडतातच की शिकताना.”

“सायकलवर नाव आपल्या न्यासाचं असणार. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं?”

मग नाव घालायचं नाही असं ठरलं. त्यावर, नाव नसेल तर सायकल आपणच दिली हे लेखापरीक्षकाला कशावरून पटणार? भावाने पळवली तर? बापाने विकली तर? पंक्चर कुणी काढायचं, आणि ते घटनेतल्या ‘शिक्षणप्रसार’ या उद्देशात बसतं का? घटना काढून वाचली. संस्थापकांनी पंक्चरविषयी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

उपसमिती नेमली. ती भाड्याच्या गाडीने गावी जाऊन, पिठलं-भाकरी खाऊन, ‘रस्त्याला चढ आहे’ असा अहवाल घेऊन आली. गाडीभाडं ३,८०० रुपये. त्याचं व्हाउचर मात्र विनाचर्चा पास झालं, कारण पावती छापील होती.

याच काकांनी आमच्या शिपायाच्या मुलीची नर्सिंगची फी परस्पर भरल्याचं मला योगायोगाने कळलं. पावती नाही, ठराव नाही, चौकशी नाही. मी विषय काढला तर ओशाळले. म्हणाले, “ते माझे पैसे होते हो. बुडाले असते तर मी कुणाला उत्तर देणार होतो?” त्या दिवसापासून त्यांच्यावर हसणं मला नीट जमत नाही. दुसऱ्याच्या पैशाचं ओझं त्यांना खरोखर जाणवतं. फक्त ते खाली कुठे ठेवायचं हेच सुचत नाही.

मार्चमध्ये मात्र भीती कूस बदलते. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात उद्देशांवर खर्चायची, असा आयकराचा नियम. उरली तर विहित नमुना भरून पाच वर्षांपर्यंत साठवता येते, पण विहित नमुना म्हटलं की काकांना पुन्हा हिंगाष्टक लागतं. २८ मार्चला तातडीची सभा झाली आणि एका भल्याथोरल्या इस्पितळ-न्यासाला ३ लाख द्यायचं पाच मिनिटांत ठरलं. त्यांच्या दाराशी संगमरवर आहे, आमच्या पैशाची त्यांना फारशी गरज नाही, शिवाय दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रुपयातले ८५ पैसेच आता खर्च म्हणून धरतात, हे सगळं काकांना तोंडपाठ होतं. पण तिथे पैसे बुडाले तरी मोठ्यांच्या संगतीत बुडणार. ‘त्यांना दिले’ म्हटल्यावर पुढे कोण विचारणार? आम्ही सगळ्यांनी हात वर केले. माझाही होता, पेन्सिलीतला.

तरी ८५ टक्क्यांना चाळीसेक हजार कमी पडत होते. ऐनवेळच्या विषयात सायकली पुन्हा निघाल्या. काकांनी बराच वेळ कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं.

“सात देऊ,” ते म्हणाले. “पण कॅरिअर काढून घ्यायला सांगा. डबलसीट नको.”

जूनमध्ये शिक्षिकेचा फोटो आला. सात सायकली, मुली चौदा. सातही सायकलींना नवी कॅरिअर. कुणी बसवली ते पत्रात नव्हतं. काकांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, ओठांतल्या ओठांत मुली मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग तो पिशवीत, घटनेच्या पानांमध्ये सरकवला.

“आवक नोंदवहीत पत्र चढवा,” ते म्हणाले. “सोबत फोटो होता, असं काही लिहू नका.”