न दिसणारा खर्च

सुरतेत पैसा खर्च करून तो कुणाला दिसू न देणं याला बावळटपणा म्हणतात. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी इथे चंदी पडवा असतो. त्या रात्री आख्खं शहर तुपात थबथबलेली घारी ही मिठाई आणि भुसुं हे फरसाण घेऊन फुटपाथवर चादरी अंथरून बसतं. घरात पंखा आहे, डायनिंग टेबल आहे, पण दाराआड खाल्लेली घारी मोजली कुणी? अशा गावात आमची धाकटी जाऊ एका दुपारी सुरती पापडी निवडता निवडता हळूच म्हणाली, "ताई, चेहऱ्याला पन्नास हजार घालायचेत. पण कुणाला कळता कामा नये."

मला तिची काळजी वाटली. दोन पिढ्या सुरतेत काढून हिला गावाची हवा लागली नाही की काय?

आम्ही उधन्याकडचे. महाराजांनी सुरत १६६४ साली लुटली, पुन्हा १६७० साली लुटली, आणि पुण्याचे पाहुणे आजही आमच्याकडे आले की लुटीचा विनोद तेवढ्यांदाच करतात. आमचे सासरे मात्र शिरपूरकडून आले ते ताप्ती लाइनच्या गाडीने, मिलमध्ये नोकरीला. लुटायला असं काही त्यांच्या हाती लागलं नाही. लिंबायत, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात आता इतकं खानदेश भरलंय की भरताची वांगी आणि शेवभाजीचा मसाला कोपऱ्यावर मिळतो, आणि धाकटीच्या चेहऱ्याला काय झालं हे विचारणारे निदान दोनशे नातेवाईक एका रिक्षाच्या अंतरावर. भाचीचं लग्न माघात होतं. दोनशेच्या दोनशे येणार होते.

तिला बोटॉक्स करायचं नव्हतं. सुरुवातीला मला दोन्ही एकच वाटायचं. बोटॉक्स स्नायूला झोपवतं. कपाळावर आठ्या पडत नाहीत, मग सासू काही बोलली तरी चेहरा प्रसन्नच. धाकटीला हवं होतं फिलर, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडची सुई. वयोमानाने गाल रिकामे होतात तिथे ती भरायची. अ‍ॅसिड म्हटल्यावर मी पापडी खाली ठेवली. पण हे आपल्या अंगातच असतं, कातडीत, सांध्यांत, डोळ्यात. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातला तिसरा हिस्सा रोज मोडतो नि नवा बनतो. पाणी धरून ठेवण्याची त्याला भारी हौस. हेच द्रव्य आदल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यात टोचलं होतं, आणि त्या सुईची बातमी त्यांनी स्वतः शिरपूरपर्यंत पोचवली होती. गुडघ्यात घातलं की उपचार, गालात घातलं की भानगड. गुडघे रोज जास्त कामाला येतात हे खरं, पण म्हणून गालांवर एवढा अन्याय?

गुपित फुटायला चार दिवस लागले नाहीत, कारण चांगला डॉक्टर कोण हे वरच्या मजल्यावरच्या भाभींशिवाय कुणाला विचारणार? भाभी काठियावाडी, जैन, नवरा हिऱ्यात. त्यांनी स्वतः काही करून घेतलेलं नाही असं त्या सांगतात. पहिला प्रश्न त्यांनी भावाचा केला. दुसरा, "व्हेज छे ने?"

हा प्रश्न ऐकून हसू नये. या द्रव्याचा इतिहास सुरतेच्या स्वयंपाकघरात सांगण्यासारखा नाही. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते पहिल्यांदा वेगळं काढलं, ते गाईच्या डोळ्यातून. भाभींनी कानांवर हात ठेवले. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले. भाभी उठून उभ्या राहिल्या. मग मी घाईघाईने सांगितलं की एन्द्रे बालाझ नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९४२ साली, अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हे बेकरीत वापरता येईल म्हणून पेटंटचा अर्ज केला होता. म्हणजे याची पहिली व्यापारी कल्पना एगलेस केकची! भाभी पुन्हा बसल्या. आता तर ते जंतूंकडून, आंबवून करून घेतात. १९९६ साली युरोपात जे पहिलं असं फिलर आलं त्याची जाहिरातच 'प्राण्यांपासून न घेतलेलं' अशी होती. "जंतू म्हणजे जीवच ने?" भाभी विचारात पडल्या. शेवटी धाकटी जैन नसल्याने तिला चालेल, असा निवाडा झाला.

दवाखाना वेसूला. मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाचा निवडला होता. तिथे बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांनी डोळे सोडून चेहऱ्याला दुपट्टे गुंडाळलेले. सुरतेत स्कूटरवर बसणारी प्रत्येक बाई अशीच निघते, उन्हामुळे आणि धुरामुळे; पण आत एसीत बसल्यावरही कुणी सोडत नव्हतं. माझ्या शेजारच्या दुपट्ट्यातून आमच्याच गल्लीतल्या ब्यूटी पार्लरवालीचा खोकला आला. दोघींनी एकमेकींना न ओळखण्याचं सौजन्य दाखवलं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी धाकटीला आडवं झोपवलंच नाही, खुर्चीत ताठ बसवलं. आडवं झालं की गाल मागे सरकतात आणि चाळिशीचा चेहरा फुकटात तिशीचा दिसतो. वरचा दिवा लावला, बाजूचा लावला. पांढऱ्या पेन्सिलने गालांवर रेघा आखल्या. मग म्हणाल्या, "बेन, बोला काहीतरी." धाकटी गप्प. "नवऱ्यावर चिडा जरा." मग मात्र थांबवावं लागलं. चेहरा बसून कसा दिसतो त्यापेक्षा हलताना कसा दिसतो ते महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. फोटोत देखणा झालेला गाल हसताना डोळ्याखाली वेगळा गोळा होऊन बसला, की समोरचा तुमचं बोलणं सोडून गोळ्याकडे बघतो.

त्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोटो आणायला सांगितला होता, म्हणजे मूळ चेहरा कळावा. लग्नाच्या अल्बमात मेकअपवालीचा चेहरा निघाला. शेवटी सापुताऱ्याचा एक सापडला, त्यात वाऱ्याने केस उडून अर्धं तोंड झाकलेलं. "एक गाल मिळाला," डॉक्टर म्हणाल्या, "दुसरा त्यावरून काढू. पण अगदी तसाच नाही." दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या की माणूस ओळखीचा वाटत नाही म्हणे. कुणाचेच दोन गाल सारखे नसतात.

धाकटीचं बोट नाकापासून ओठाकडे येणाऱ्या घडीवर होतं. "हे भरा." डॉक्टरांनी मान हलवली. गुन्हेगार ती घडी नाही. वरचा गाल उतरलाय म्हणून ती पडलीय. ब्लाउज खांद्यात बसत नसेल तर कमरेची चुणी ओढून काय उपयोग? खांद्याचाच टाका उचलावा लागतो. माल गालाच्या हाडालगत, खोल आणि थोडाच घालायचा, घडी आपोआप उथळ होते. उलट घडीतच ओतत बसलं तर चेहऱ्याची उशी होते. डॉक्टरमंडळी त्याला 'पिलो फेस' असंच म्हणतात. तो चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलाय, टीव्हीवर आणि सुरतेच्या पार्टी प्लॉटमध्येही. गंमत म्हणजे ते सगळे चेहरे एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात.

"दोन सिरिंज घेतल्या तर भाव?" धाकटीने विचारलंच. आणि डॉक्टरांनी धंद्याला न शोभणारी गोष्ट केली. आज एकच, दुसरीचं दोन आठवड्यांनी बघू, लागली तर. पाणी ओढून सूज येते, ती उतरल्याशिवाय खरा गाल कळत नाही. लग्नाला महिना आहे म्हणून करते. आठवड्यावर असतं तर हातही लावला नसता.

भाव कमी होईना तेव्हा त्यांनी फ्रिजमधली एक छोटी कुपी दाखवली. हायलुरॉनिडेझ. नको झालं तर भरलेलं विरघळवून टाकणारं औषध. पण त्याचं खरं काम वेगळंच. चुकून माल रक्तवाहिनीत गेला तर कातडी पांढरी पडते, मरते. क्वचित डोळाही जातो. नाक आणि भुवयांमधली जागा सगळ्यांत वाईट. म्हणून टोकाला बोथट असलेली कॅन्युला वापरायची, चेहऱ्याच्या नसा पाठ हव्यात, आणि ही कुपी हाताशी हवी. "पार्लरमध्ये स्वस्तात करतात, त्यांना ही कुपी विचारा," त्या म्हणाल्या. बाहेरचा खोकला एकदम थांबला.

सुई मी जवळून पाहिली. ट्रेवर पडलेला एक थेंब, पारदर्शक, घट्ट, बोटाने लोटला तर सरकणारा पण पसरणार नाही असा. सिरिंज १ मिलिलिटरची. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशात दोन गाल! गालाच्या कडेला एकच भोक पाडून कॅन्युला आत गेली, हळूहळू मागे आली, मग डॉक्टरांनी अंगठ्याने दाबून दाबून ते बसवलं. आरशात बघून धाकटी म्हणाली, "काहीच झालं नाही." डॉक्टर खूश झाल्या.

घरी भाऊजींना सांगणं भागच होतं, पैसे त्यांचे. ते महिधरपुऱ्यात हिऱ्याच्या पेढीत हिशेबाला. त्यांनी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं: मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. पाच सेकंदांत चेहरा उतरला. २०० मिलिग्रॅमचा कॅरट, म्हणजे हा १० सेंटचा माल. "वहिनी, पंचवीस हजारांत १० सेंट! कॅरटला अडीच लाख पडले! आणि बाकीचं पाणी!" एवढ्यात नॅचरल हिरा येतो, शिवाय तो वर्षभरात विरघळत नाही, शिवाय लग्नात दिसतो.

पण खरं सांगायचं तर 'नॅचरल दिसतं' याची किंमत कळत नाही असं सुरतेने म्हणावं, हे शोभत नाही. हे गाव त्याच्यावरच तर जगतं. रिंग रोडच्या मार्केटात पॉलिएस्टरला रेशमाचं पाणी चढवून देशभरच्या बायकांना आपण नेसवतो. जर घ्या: खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा, नकलीत तांबं, तिसऱ्या प्रतीत नुसती प्लास्टिकची चकचकीत पट्टी. तिन्ही याच गावात होतात आणि मांडवात तिन्ही सोन्याच्याच म्हणून मिरवतात. हिरे तर विचारूच नका. यंत्रात वाढवलेला हिरा आणि खाणीतला हिरा साध्या डोळ्याला कळतच नाही, मशीन लावावं लागतं. २०२३च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना दिलेला ७.५ कॅरटचा हिरासुद्धा प्रयोगशाळेतलाच होता, सुरतेत झालेला. खोटं वाटणार नाही असं करणं ही इथली कारागिरी. अडचण एवढीच की ओळखणारे डोळेही जगातले सगळ्यांत तयार इथेच आहेत.

उलट विलायतेत पाहा. ग्लॅडिस डीकन नावाच्या, पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या सुंदरीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक पुतळ्याचं नाक हवं म्हणून नाकाच्या मुळाशी पॅराफिन टोचून घेतलं. पॅराफिन म्हणजे मेण. ते जागेवर राहिलं नाही. हळूहळू खाली सरकत हनुवटीकडे गेलं आणि रूप गेलं ते गेलंच. विरघळवणारी कुपी तेव्हा नव्हती.

लग्न डिंडोलीच्या पार्टी प्लॉटमध्ये. धाकटीची सूज उतरली होती, दुसऱ्या भेटीत अर्धीच सिरिंज लागली होती, उरलेल्या अर्ध्या सिरिंजेचे पैसे परत मिळतात का यावर भाऊजींचं अजून चिंतन चालू होतं. चेहरा? छान झोप झालेल्या बाईचा. एवढंच. खानदेशातल्या एक आत्या तिला निरखून म्हणाल्या, "काय व्हयनं व माय तुले? बरी दिसतेस!" कारणाचा पत्ता कुणाला लागेना. कुणी म्हणालं वजन कमी केलंय, कुणी म्हणालं वाढवलंय. एकीने भाऊजींना पगारवाढ झाल्याचं ठरवून अभिनंदनही केलं.

मग वरच्या भाभी आल्या. सगळं ठाऊक असूनही त्यांचा धंद्याचा डोळा स्वस्थ बसेना. धाकटीला हॅलोजनखाली नेलं, दोन बोटांनी हनुवटी धरली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, "हसो," म्हणाल्या. नवरा हिऱ्यांचं पडीकं उघडून नंग पारखतो, त्याच गांभीर्याने. कानात त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातले, प्रयोगशाळेत वाढलेले टपोरे खडे झगमगत होते. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी निकाल दिला, "एकदम नॅचरल!" आणि सवयीने पुढचं तोंडातून निघून गेलं, "शुं खाय छे?"

धाकटी उत्तर शोधेपर्यंत मागून सासूबाई म्हणाल्या, "माझे डिंकाचे लाडू."

झालं. हिवाळाभर घरात लाडू होतेच, त्यात तूप होतं, खारीक होती, नाकारायला जागा नव्हती. दोन दिवसांत सहा घरांतून कृती विचारायला फोन आले. सासूबाईंनी प्रत्येकीला एकेक जिन्नस गाळून सांगितला. आत्या तर गुडघ्यांसाठी मागू लागल्या, कारण सासूबाईंचं चालणंही सुधारलं होतं, आणि गुडघ्यातल्या सुईचा सासूबाईंना आता पूर्ण विसर पडला होता. पन्नास हजारांचं श्रेय दोन किलो डिंकाला जाताना धाकटी बघत राहिली. तोंड उघडायची सोय नव्हती. कुणाला कळू नये हे तिनेच सांगितलं होतं. भाभींनी किलोचा भाव काढला, डब्यावर सासूबाईंचा फोटो टाकायचं ठरवलं, आणि पहिल्या ऑर्डरी वेसूहून आल्या.

काल एका गिऱ्हाइणीला सासूबाई फोनवर समजावून सांगत होत्या, "खोटं कशाला बोलू? असर वर्षभरच राहतो. मग परत घ्यावे लागतात."