खरं वजन सांगा

डोंगरवाटांची सायकल घ्यायची म्हटली की पुणेकर आधी अभ्यासाला बसतो. सस्पेन्शन पुढे-मागे हवंच. मग ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली हलायची जागा, १३० मिलिमीटर की १५०, फ्रेम ॲल्युमिनियमची की कार्बनची, यावर लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्यावर होतो तसा खल होतो. शेवटी कार्बन जिंकतं. वाचतात ग्रॅम, जातात लाख.

खरी पंचाईत पुढेच. मागच्या शॉकमध्ये हवा भरायची ती स्वाराच्या वजनानुसार. हेल्मेट, बूट, पाठीवरच्या पाण्यासकट सायकलवर बसायचं, शॉकवरचं रबरी कडं वर टेकवायचं, अलगद उतरायचं आणि ते किती सरकलं ते मोजायचं. शॉक एकूण ५० मिलिमीटर दबत असेल तर कडं १५ मिलिमीटर सरकायला हवं, म्हणजे ३० टक्के सॅग. इतकं सोपं! पण दुकानात साहेब वजन सांगतात ते कॉलेजातलं. त्या हिशेबाने हवा भरली की वेताळ टेकडीच्या पहिल्याच उतारावर शॉक तळाला आपटतो. शॉकला भीडभाड नसते.

साहेबांचं निदान मात्र तयार असतं: "ट्रॅव्हल कमी पडतोय. १६०चं मॉडेल बघायला हवं."

शॉकपंपाचे चार झटके मारले तरी काम भागेल, हे दुकानदाराला ठाऊक असतं. सायकलचे ३०० ग्रॅम कमी करायला लाख लागतात आणि स्वाराचे तीन किलो फुकटात उतरतात, हेही ठाऊक असतं. तो बोलत नाही. गिऱ्हाइकाचं पोट गेलं तर त्याच्या पोटावर पाय येतो.