पेटीस मुक्कामाचा परवाना

न्यू जर्सी हे अमेरिकेतील आकाराने लहानशा राज्यांपैकी एक. तथापि त्याच्या हद्दीत ५६४ स्थानिक स्वराज्य संस्था नांदत असून, भाड्याने आणलेली कचऱ्याची लोखंडी पेटी, जिला तेथे डम्पस्टर म्हणतात, ती सार्वजनिक रस्त्यावर किती दिवस, कोणाच्या हुकुमाने आणि किती शुल्क भरून उभी राहावी, याविषयी स्वतंत्र मत बाळगण्याचा अधिकार त्यांपैकी प्रत्येकीस आहे. सिटी, बरो, टाउनशिप, टाउन आणि व्हिलेज अशा पाच प्रकारांत या संस्था विभागलेल्या आहेत, आणि त्यांतील भेद तेथे जन्म काढलेल्या गृहस्थासही धड सांगता येत नाही. एकट्या बर्गन परगण्यात त्या सत्तर भरतात. १८९४ साली शाळांची व्यवस्था टाउनशिपवार एकत्र करण्याचा कायदा झाला, तेव्हा शेजारच्या वस्तीतील मुलांच्या विद्यार्जनापायी आपल्या खिशास झळ लागू नये, या उदात्त हेतूने अनेक वस्त्यांनी घाईघाईने बरो स्थापन करून वेगळी चूल मांडली. आणि विद्यादानाच्या खर्चातून निसटण्यासाठी त्या काळी जी दफ्तरे उघडली गेली, तीच आज पेटीच्या अर्जावर शिक्के मारीत बसली आहेत.

या शास्त्रात आम्हांस जी थोडीबहुत गती प्राप्त झाली, ती आमच्या जावयांच्या कृपेने. ज्याचे नाव सौजन्यापोटी घेत नाही अशा तेथील एका गावी त्यांचे घर आहे, आणि जुने स्वयंपाकघर मोडून नवे बांधण्याचा संकल्प आमच्या कन्येने सोडल्यामुळे २० घनयार्डांची पेटी मागविणे त्यांस क्रमप्राप्त झाले. ही पेटी म्हणजे सुमारे २२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि पुरुषाच्या छातीपर्यंत येणारी, छप्पर तेवढे नसलेली एक लोखंडी खोलीच होय. (आमच्या पुण्यात शनिवार पेठेत तिच्यावर पत्रे घातले असते, तर एक बिऱ्हाड तीत सुखाने संसार करते, आणि मालकाने ते निघावे म्हणून दोन पिढ्या दावा लढविला असता.) घराच्या आवारातील ड्राइव्हवेवर ती ठेवली, तर बहुतेक गावांत कोणी चकार शब्द काढीत नाही; परंतु जावयांचा ड्राइव्हवे आखूड आणि उताराचा, सबब पेटीने रस्त्यावर मुक्काम करणे भाग झाले, आणि पेटी रस्त्यास टेकणार असे ऐकताच तेथील राज्यसत्ता खडबडून जागी झाली.

प्रथम प्रश्न असा की, अर्ज कोणापुढे गुजरावयाचा. एका गावी हे काम पोलिसांकडे असते, दुसऱ्या गावी बांधकाम अधिकाऱ्याकडे, तिसऱ्या गावी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर चौथ्या ठिकाणी तो मान गावच्या मुख्य कारकुनास असतो. आणि मैलभर अंतरावर राहणाऱ्या दोन मित्रांनी या बाबतीत परस्परांच्या अनुभवावर विसंबू नये, इतके हे ज्ञान स्थानिक आहे. अर्जात पेटीची लांबी-रुंदी, येण्याची व जाण्याची तारीख आणि ती नेमकी कोठे विसावणार याचा नकाशा द्यावा लागतो. पेटीवाल्याने आपल्या विम्याचे प्रमाणपत्र जोडावे आणि त्यात गावाचेही नाव संरक्षित पक्ष म्हणून घालावे, असा पुष्कळ ठिकाणी दंडक आहे. उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात लोखंड रुतू नये म्हणून पेटीखाली फळ्या अंथराव्या लागतात. ही तरतूद वाचून आमच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्याकडे रस्ताच फळीसारखा एकदा अंथरतात आणि पहिल्या पावसात उचलून नेतात, त्यामुळे त्याच्या त्वचेविषयी इतकी हळवी काळजी कोणी वाहिल्याचे आम्ही पूर्वी ऐकले नव्हते.

मोटार उभी करण्याविषयीचे राज्याचे नियम आहेत ते निराळेच. अग्निशामकाच्या नळापासून १० फूट, रस्ता ओलांडण्याच्या पादचारी पट्ट्यापासून २५ फूट आणि ‘थांबा’ या पाटीपासून ५० फूट मोकळे सोडावे, असे ते सांगतात. जेथे मोटारीस मनाई तेथे पेटीस आश्रय कोण देणार? जावयांचे घर कोपऱ्यावर आहे. ही सारी अंतरे फितीने मोजून पाहता पेटीस योग्य अशी जी एकमेव निर्दोष जागा निघाली, ती समोरच्या वृद्ध विधवेच्या खिडकीखाली होती. त्या बाईंच्या संमतीचा रकाना अर्जात नव्हता. कन्येने त्यांच्याकडे स्वहस्ते केलेला शिरा नेऊन ही उणीव भरून काढली, आणि त्या संपूर्ण व्यवहारातील शहाणपणाची अशी कृती आमच्या मते तेवढीच.

परंतु नियमकर्त्याची प्रतिभा खरी फुलली आहे ती पिवळ्या हिऱ्यांच्या ठायी. रस्त्यावरील पेटीच्या दोन्ही टोकांस, वाहनांच्या बाजूच्या कडेवर, येणाऱ्या रहदारीकडे तोंड करून, प्रकाश परावर्तित करणारे पिवळे हिऱ्याच्या आकाराचे फलक लावावेत. प्रत्येक फलक किमान १८ इंच गुणिले १८ इंच असावा. आणि त्याचे खालचे टोक रस्त्यापासून निदान ३ फूट उंच असावे, असा न्यू जर्सी राज्याचा कायदा आहे. आता वाचकांपैकी कोणास शाळेतील भूमिती आठवत असेल, तर १८ इंचांचा चौकोन कोनावर उभा केला की त्याची उंची पंचवीस इंचांच्या वर जाते, हे त्यांच्या ध्यानी येईल. तीन फुटांवर आणखी दोन फूट आणि वर एक इंच, म्हणजे फलकाचे माथे पाच फुटांच्या पलीकडे पोचते, आणि पेटी तर जेमतेम साडेचार फूट! सबब हा हिरा पेटीच्या काठावरून संस्थानिकाच्या पगडीवरील शिरपेचाप्रमाणे डोकावत राहतो, आणि रात्री मोटारीच्या दिव्यांत तो झळकू लागला म्हणजे आत मोडके सिंक आणि फुटक्या फरशा आहेत हे ठाऊक असूनही पाहणाऱ्याचा हात मुजऱ्यासाठी आपोआप वर जातो.

अर्ज भरून होत असता आम्ही जावयांस सहज विचारले, “आत काय टाकणार, हे कोठे लिहावयाचे?”

“बाबा, तो रकाना नाही,” ते म्हणाले.

या उत्तराने आम्हांस जो धक्का बसला, त्यातून आम्ही अद्यापि पुरते सावरलो नाही. कारण त्या पेटीत जावयाची होती ती भरीव मेपल लाकडाची, बिजागरी न कुरकुरणारी चौदा कपाटे. त्यांचा अपराध एवढाच की, त्यांचा रंग मधासारखा होता आणि प्रस्तुत मन्वंतरात स्वयंपाकघर शुभ्र असावे लागते. पेटीवाला काही पदार्थ नाकारतो, हे खरे: रंगाचे डबे, टायर, बॅटऱ्या तो घेत नाही, आणि दूरचित्रवाणी संच कचऱ्यात टाकण्यास तर त्या राज्यात २०११ पासून कायद्यानेच बंदी आहे. पण धडधाकट कपाटास मृत्युदंड का, असे विचारणारा अंमलदार त्या ५६४ दफ्तरांत कोठे नेमलेला नाही. बरे, आत डोकावण्याचा अधिकार सरकारास नाही म्हणावे, तर तसेही नव्हे. कडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या बाबतीत नागरिकास खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही, आणि पोलिसांनी तो वॉरंटावाचून चाळला तरी संविधानाचा भंग होत नाही, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली देऊन ठेवला आहे; न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली राज्याच्या संविधानाचा आधार घेऊन तेथे वॉरंट आवश्यक ठरविले, एवढाच फरक. म्हणजे वॉरंट काढले की पाहण्याची सनद हाती आहे. पाहण्याचे कुतूहल मात्र नाही. पेटीची उंची, पेटीचा विमा, पेटीची जागा, पेटीचा शिरपेच या सर्वांची रुजुवात करून झाल्यावर, ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्या वस्तूंकडे दुर्लक्ष करणे, यालाच तेथे सुव्यवस्था म्हणतात.

आमच्याकडे तीच कपाटे निघाली असती, तर जिन्यातच भंगारवाला आणि सुतार यांच्यात हमरीतुमरी झाली असती, आणि मोलकरणीने त्याआधीच एक कपाट भावाच्या टेम्पोत चढविले असते. चौदाही कपाटांना नवी घरे मिळती आणि वर मालकाच्या हातावर चार रुपये पडते. जावयांनी मात्र ती नेण्याबद्दल पेटीवाल्यास पैसे मोजले. या यांत्रिक पेटीची पद्धत १९३० च्या दशकात रूढ करणारे टेनेसीतील नॉक्सव्हिलचे जॉर्ज डेम्पस्टर पुढे त्याच नगराचे महापौर झाले, हे आम्हांस कळले तेव्हा मुळीच आश्चर्य वाटले नाही. लोकांकडून पैसे घेऊन लोकांच्याच वस्तू त्यांच्या नजरेआड करणे ज्यास साधले, त्यास राजकारणात आणखी शिकण्यासारखे काय उरते?

येथवर वाचून पुणेकरांनी स्वदेशाभिमानाने फुगून जाण्याचे कारण नाही. कपाटे आपण वाचवितो. पण भिंती पाडल्यावर जो राडारोडा उरतो, तो कोणी भंगारवाला घेत नाही. नियम आपल्याकडेही आहेत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच असे ठरविले होते की, बांधकामाचा कचरा करणाऱ्याने तो आपल्या आवारात ठेवावा किंवा ठरविलेल्या केंद्रावर पोचवावा, त्याने रहदारीस अथवा गटारास अडथळा होऊ देऊ नये. आणि दिवसास २० टनांहून किंवा महिन्यास एका प्रकल्पामागे ३०० टनांहून अधिक कचरा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड व विटा निरनिराळ्या करून, विल्हेवाटीची योजना मंजूर करून घ्यावी. इतके स्पष्ट लिहिलेले असताना आमचा राडारोडा रात्री अकरानंतर, दिवे मालवलेल्या डंपरातून, विमा, नकाशा व फळ्या यांवाचून निघतो आणि पहाटेस मुठेच्या काठी प्रकट होतो. त्यास पेटी नाही, म्हणून पेटीचा परवानाही नाही. आणि मालक नाही, म्हणून कोणावर दंडही नाही.

सबब आमची नगरपित्यांस नम्र सूचना आहे की, त्यांनी न्यू जर्सीकडून पेटी, फळ्या व विमा यांपैकी काही एक न घेता केवळ पिवळा हिरा तेवढा घ्यावा. नदीकाठच्या प्रत्येक ढिगावर तो रोवण्यात यावा. हिऱ्यांची निविदा निघेल, ती एकाच ठेकेदारास मिळेल, आणि हिरा रोवला याचा अर्थ पालिकेस ढीग मान्य आहे असा युक्तिवाद करून ढीगवाले न्यायालयात जातील. तेथे वहिवाट सिद्ध होईल, आणि गुंठेवारीच्या धर्तीवर ढीग नियमित करण्याची योजना सर्वपक्षीय एकमताने मंजूर होईल. एका दोन-तीन वर्षांच्या ढिगावर चहाची टपरी निघाल्याचे आम्ही परवा पाहिले. तिचे ओट्यासह मोजमाप ढिगात धरावे की वेगळे, आणि नियमितीकरणाचा दर प्रति घनमीटर असावा की प्रति वर्ष, एवढ्याच दोन मुद्द्यांवर स्थायी समितीचा निर्णय व्हावयाचा राहील.