हाउसफुल्लचे व्याकरण

नामवंत नटांच्या नाटकाचे तिकीट काढणे हे मानखुर्दच्या रसिकासाठी नाटक पाहण्यापेक्षा दमवणारे काम आहे. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह खाडीपलीकडे, हार्बरने एकच स्थानक. दादरच्या शिवाजी मंदिरला जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलायची.

पूर्वी बुकिंगच्या खिडकीवर प्लॅनचा कागद असे. खिडकी उघडण्याआधीच पहिल्या तीन-चार रांगांवर पेन्सिलीच्या फुल्या पडलेल्या. विचारल्यास ‘पाहुण्यांचे’ एवढेच उत्तर; पाहुणे कोणाचे, हे विचारण्याची पद्धत नाही. आता बुकमायशो, तिकिटालय आहेत. मोबाइलवर त्याच खुर्च्या राखाडी दिसतात. याला प्रगती म्हणतात.

६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात अभिनेते प्रशांत दामले यांच्या कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग झाला. अडीच हजारांहून अधिक आसने, तरी हाउसफुल्ल. अशा वेळी ओळखीचा माणूस शोधणे सुरू होते. तो रंगभूषाकाराच्या शेजाऱ्याचा मेहुणा असला तरी चालतो.

तिसऱ्या घंटेनंतर मात्र मानाच्या रांगेत हमखास दोन-चार खुर्च्या रिकाम्या असतात. यायचे नसेल तर पासवाल्यांनी निदान दुपारपर्यंत खिडकीवर कळवावे.